पेशी कोणाच्या हुकमाने मेली? प्रथिनकुळांचा माग काढण्याची रीत

डिशमध्ये औषध टाकलं, २४ तासांनी निम्म्या पेशी तरंगताना दिसल्या, कॅस्पेज-३ या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमचा ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) पॉझिटिव्ह आला आणि वहीत नोंद झाली: ‘अ‍ॅपॉप्टोसिस’, म्हणजे पेशीचं ठरवून झालेलं मरण. नोंद बरोबर असेलही, पण त्यातून पेशी मेली एवढंच कळतं. मरायचं की जगायचं हा निर्णय त्याच्या बराच आधी, मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य आवरणावर, एका वेगळ्याच प्रथिनकुळात झालेला असतो. तो निर्णय कोणी केला हे शोधायचं तर प्रयोग ठरावीक क्रमाने करावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर एखादी ठरलेली चूक टाळावी लागते. इथे तो क्रम दिला आहे. सस्तन प्राण्यांच्या, डिशमध्ये वाढवलेल्या पेशी गृहीत धरल्या आहेत.

आधी कोण कोणाचं काम करतं

बीसीएल-२ कुळाचे तीन गट आहेत. बॅक्स आणि बॅक ही भोकं पाडणारी जोडी. निरोगी पेशीत बॅक्स बहुतांशी पेशीद्रवात असतं, बॅक मात्र आवरणातच रुतलेलं असतं. दुसरा गट त्यांना अडवणारा: बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१, बीसीएल-डब्ल्यू आणि बीएफएल-१. तिसरा गट धोक्याची वर्दी आणणारा. बिम, बिड, प्यूमा, बॅड, नॉक्सा, बीएमएफ, एचआरके वगैरे. यांच्यात बीएच-३ हा एकच समान तुकडा असतो आणि तो अडवणाऱ्यांच्या पृष्ठभागावरच्या खाचेत जाऊन बसतो. ही खाच भरली की अडवणाऱ्याचे हात बांधले जातात.

कोण कोणाच्या खाचेत बसतं, हे पाठच असायला हवं. बिम, प्यूमा आणि कापलेलं बिड सगळ्यांना धरतात. बॅड फक्त बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि बीसीएल-डब्ल्यूला धरतं. नॉक्सा मुख्यतः एमसीएल-१ ला धरतं. म्हणून नॉक्सा कितीही वाढलं तरी बीसीएल-एक्सएल भरपूर असलेल्या पेशीला सहसा काही होत नाही, आणि ‘नॉक्सा वाढलं म्हणून पेशी मेली’ हे वाक्य एकट्याने लंगडं पडतं.

बॅक्स-बॅकने आवरण फोडलं की सायटोक्रोम-सी आणि स्मॅक ही आतली प्रथिनं बाहेर पडतात. सायटोक्रोम-सी अ‍ॅपाफ-१ ला चिकटतं, सात अ‍ॅपाफ एकत्र येऊन चक्र बनतं, त्यावर कॅस्पेज-९ जागं होतं आणि ते कॅस्पेज-३ व ७ ला कापून कामाला लावतं. बीसीएल-२ आणि कॅस्पेज यांच्यानंतरचं तिसरं कुळ आयएपींचं, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिस रोखणाऱ्या प्रथिनांचं. त्यातलं कॅस्पेजला थेट आणि जोरकसपणे रोखणारं एकच, एक्सआयएपी. त्याचा बीआयआर-३ भाग कॅस्पेज-९ ला अडवतो, तर बीआयआर-२ आणि त्याच्या अलीकडचा जोडपट्टा कॅस्पेज-३ व ७ ला. स्मॅक येऊन ही पकड सोडवतं.

दुसरी वाट पेशीच्या पृष्ठभागावरून येते. फॅससारख्या रिसेप्टरवरून एफएडीडी या जोडणाऱ्या प्रथिनामार्फत कॅस्पेज-८ जागं होतं. थायमसमधल्या पेशींत तेवढं पुरतं. यकृतपेशी आणि जुरकॅट (ल्यूकेमियातून आलेली टी-पेशींची शाखा) यांत मात्र कॅस्पेज-८ ला आधी बिड कापून मायटोकॉन्ड्रियाची मदत घ्यावी लागते.

पेशी, वेळ आणि कंट्रोल

पेशी निवडताना तिचा इतिहास तपासा. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीशाखेत कॅस्पेज-३ चा जनुक तुटलेला आहे. तिथे कॅस्पेज-३ चा बँड दिसला नाही तर त्याचा काहीच अर्थ नाही, आणि दिसला तर अँटिबॉडी किंवा पेशी तरी चुकीची आहे. जुरकॅटच्या काही उपशाखांमध्ये बॅक्स नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी न मारलेल्या पेशींच्या लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या अर्कावर) बॅक्स, बॅक, बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१, एक्सआयएपी आणि कॅस्पेज-३, ८, ९ असा एक ब्लॉट लावून घ्या. यात एक दिवस जातो, पण कित्येक महिन्यांची पायपीट वाचते.

एकाच वेळेवर नमुना घेणं ही या विषयातली सगळ्यात महागडी चूक आहे. ०, २, ४, ८, १६ आणि २४ तास असे नमुने घ्या. डिशमध्ये मेलेल्या पेशी गिळायला भक्षक पेशी नसतात, त्यामुळे नीटनेटकी अ‍ॅपॉप्टोसिसमधली पेशीही काही तासांनी फुटते आणि नेक्रोसिससारखी (अनियंत्रितपणे फुटून मेल्यासारखी) दिसू लागते. २४ तासांनी जे दिसतं ते बहुधा प्रेत असतं. मारेकरी चार तासांपूर्वीच निघून गेलेला असतो.

मायक्रोस्कोपखाली बसून पहिले सहा तास नजर ठेवा. अ‍ॅपॉप्टोसिसमधली पेशी आधी आक्रसते, शेजारणींपासून सुटते, कडेने चमकू लागते. मग उकळत्या पाण्याच्या पृष्ठभागासारखे फुगवटे येतात-जातात आणि शेवटी तिचे छोटे छोटे गोल तुकडे होतात. याउलट जी पेशी फुगत जाते, फिकट पडते आणि एकदम फुटते, तिची चौकशी वेगळ्या दिशेने करायला हवी.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन, ४ ते ६ तास. औषध डीएमएसओमध्ये विरघळवलं असेल तर डिशमधलं डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही द्या.

पहिली पायरी: अ‍ॅनेक्सिन

अ‍ॅनेक्सिन हे प्रथिन मरू लागलेल्या पेशीच्या बाहेरच्या बाजूला आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटतं; प्रोपिडियम आयोडाइड हा रंग फक्त आवरण फुटलेल्या पेशीत शिरतो. पेशी सोडवताना तरंगणाऱ्या पेशींचं माध्यम फेकू नका. मरणाऱ्या पेशी त्यातच असतात. ते ट्यूबमध्ये जमा करा, चिकटलेल्या पेशी सोडवून त्यातच मिसळा आणि थंड पीबीएसने दोनदा धुवा. ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए शिल्लक राहिलं तर ते कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही. सगळे कोरे नमुने आले तर बोट आधी इथे ठेवा.

बाइंडिंग बफर: १० मिलीमोलर हेपेस, पीएच ७.४, १४० मिलीमोलर सोडियम क्लोराइड, २.५ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड. १०० मायक्रोलिटरमध्ये १ लाख पेशी, ५ मायक्रोलिटर अ‍ॅनेक्सिन-एफआयटीसी, ५ मायक्रोलिटर प्रोपिडियम आयोडाइड. सामान्य तापमानाला, अंधारात १५ मिनिटं. मग ४०० मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात फ्लो सायटोमीटरवर न्या. एकेक रंगाचे नमुने लावल्याशिवाय कंपेन्सेशन करू नका.

दोन्ही रंग घेतलेली पेशी ‘उशिराचा अ‍ॅपॉप्टोसिस’ असेलच असं नाही. नेक्रोप्टोसिसमध्ये (कॅस्पेजशिवाय, पण ठरलेल्या वाटेने होणाऱ्या नेक्रोसिसमध्ये) फुटलेली पेशीही नेमकी त्याच चौकटीत येऊन बसते. ती कुठून आली हे वेळेच्या मालिकेतूनच कळतं. पेशी आधी फक्त अ‍ॅनेक्सिन घेऊन मग दुहेरी झाल्या, की थेट दुहेरी?

दुसरी पायरी: कॅस्पेज अडवून बघणं

औषधाच्या अर्धा ते एक तास आधी २० मायक्रोमोलर क्यू-व्हीडी-ओपीएच (जवळपास सगळी कॅस्पेज अडवणारा रोधक) द्या. झेड-व्हॅडही चालतं, २० ते ५० मायक्रोमोलर, पण ते जास्त विषारी आहे आणि एल-९२९ सारख्या काही पेशींत ते स्वतःच नेक्रोप्टोसिस घडवून आणतं. तशी शंका आली तर सोबत १० ते ३० मायक्रोमोलर नेक्रोस्टॅटिन-१ (नेक्रोप्टोसिस रोखणारं औषध) देऊन बघा.

उत्तर वाचताना घाई नको. कॅस्पेज अडवल्यावर अ‍ॅनेक्सिन खाली आलं, पण ४८ किंवा ७२ तासांनी वसाहती उगवल्याच नाहीत, असं अनेकदा दिसतं. कारण मायटोकॉन्ड्रिया आधीच फुटलेले असतात. अशी पेशी कॅस्पेजशिवायही मरते, फक्त सावकाश. म्हणजे निर्णय कॅस्पेजच्या वरच्या अंगाला झाला. बॅक्स आणि बॅक दोन्ही काढून टाकलेल्या पेशी वापरल्यावर वसाहती टिकल्या, तर निर्णय बीसीएल-२ कुळातच झाला असं छातीठोकपणे म्हणता येतं. या दुहेरी नॉकआउटइतका स्वच्छ पुरावा या विषयात दुसरा नाही, आणि माझ्या मते शक्य असेल तिथे तो पहिल्याच महिन्यात तयार करून ठेवावा.

तिसरी पायरी: कापलेले तुकडे

१२ ते १५ टक्के जेल, ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ पडदा. ०.४५ चा पडदा वापरला की कॅस्पेज-३ चा छोटा तुकडा आरपार निघून जातो. बघायच्या आकारांची यादी अशी: कॅस्पेज-३ साधारण ३५ वरून १७ आणि १९ किलोडाल्टन, कॅस्पेज-९ ४७ वरून ३५ व ३७, कॅस्पेज-८ ५५-५७ वरून ४१-४३ आणि पुढे १८, बिड २२ वरून १५, पार्प (कॅस्पेज कापतात असं एक ओळखीचं प्रथिन) ११६ वरून ८९. पार्पचा तुकडा ८९ ऐवजी ५० च्या आसपास दिसला तर तो बहुधा लायसोसोममधल्या एन्झाइमांचा, म्हणजे नेक्रोसिसचा.

इथे मोठी फसगत होते. कॅस्पेज-८ कापलेलं दिसलं की लोक रिसेप्टरची वाट सिद्ध झाली असं मानतात. पण कॅस्पेज-३ जागं झालं की कॅस्पेज-६ मार्फत कॅस्पेज-८ ही कापलं जातं, आणि कॅस्पेज-३ बिडलाही कापतं. म्हणजे परिणामच कारणाचं सोंग घेऊन उभा राहतो. क्यू-व्हीडी किंवा बॅक्स-बॅक नॉकआउटमध्ये तोच ब्लॉट पुन्हा लावा. नॉकआउटमध्येही कॅस्पेज-८ कापलं जात असेल तर ते खरोखर वरचं आहे.

रंग किंवा चमक मोजणाऱ्या किटचंही तसंच. डीईव्हीडी हा चार अमिनो आम्लांचा तुकडा कॅस्पेज-३ व ७ साठी ठीक आहे. एलईएचडी म्हणजे कॅस्पेज-९ आणि आयईटीडी म्हणजे कॅस्पेज-८ असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी कॅस्पेज-३ भरपूर असलं की ते दोन्ही कापतं. डीईव्हीडी-एएमसीची मोजणी करताना बफरमध्ये १० मिलीमोलर डीटीटी ताजं घाला. कॅस्पेजच्या कापणाऱ्या जागी सिस्टीन असतं. ते ऑक्सिडाइझ झालं की एन्झाइम ठप्प होतं, आणि आठवडाभर फ्रीजमध्ये पडलेलं डीटीटी निरुपयोगी असतं. ५० मायक्रोमोलर सबस्ट्रेट, ३७ अंश, ३८० ला उत्तेजन आणि ४६० ला मोजणी. दर २ मिनिटांनी वाचन घेऊन चढण मोजा. शेवटचा एकच आकडा घेतला तर सबस्ट्रेट कधी संपलं हे कळत नाही.

चौथी पायरी: सायटोक्रोम-सी बाहेर आलं का

पेशीचं बाहेरचं आवरण छिद्रित करायचं, मायटोकॉन्ड्रियाला मात्र धक्का लावायचा नाही. डिजिटोनिन हे साधतं, कारण ते कोलेस्टेरॉलला धरतं आणि पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियापेक्षा कितीतरी जास्त असतं. पीबीएसमध्ये ८० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम डिजिटोनिन, बर्फावर ५ मिनिटं, ८०० जी ला ५ मिनिटं स्पिन. वरचा द्रव पेशीद्रव, खालच्या पेलेटमध्ये मायटोकॉन्ड्रिया.

दिलेला आकडा डोळे झाकून वापरू नका. डिजिटोनिनचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो आणि प्रत्येक पेशीही. २५ पासून २०० पर्यंत चार-पाच मात्रा लावा. जिथे ९५ टक्के पेशी ट्रायपॅन ब्लू घेतात, पण न मारलेल्या पेशींचं सायटोक्रोम-सी पेलेटमध्येच राहतं, ती मात्रा तुमची. पेशीद्रवाच्या लेनवर व्हीडॅक किंवा कॉक्स-४ या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनाचा ब्लॉट लावाच. तिथे बँड आला तर मायटोकॉन्ड्रिया सांडलेत आणि निष्कर्ष बाद.

पाचवी पायरी: कोणी कोणाला धरलंय

हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि इथेच सर्वाधिक प्रयोग वाया जातात. बीसीएल-२ किती आहे हे मोजून पेशीचं भवितव्य कळत नाही. ज्या पेशीत बीसीएल-२ खूप आहे आणि त्याची प्रत्येक खाच बिमने भरलेली आहे, ती पेशी मरणाच्या उंबरठ्यावर उभी असते. जिच्यात बीसीएल-२ थोडंच पण मोकळं आहे, ती निवांत असते. म्हणून इम्युनोप्रेसिपिटेशन करून (एका प्रथिनाला अँटिबॉडीने ओढून त्याला काय चिकटलंय ते बघून) जोड्याच तपासाव्या लागतात.

लायसिस बफरमध्ये ट्रायटन किंवा एनपी-४० घालू नका. ही डिटर्जंट्स बॅक्सचा आकार बदलतात आणि त्याला बीसीएल-एक्सएलसारख्यांशी जोडतात. जिवंत पेशीत नसलेली जोडी ट्यूबमध्ये तयार होते, आणि ब्लॉट इतका देखणा येतो की शंकाही येत नाही. १ टक्का चॅप्स (हे सौम्य डिटर्जंट), १० मिलीमोलर हेपेस पीएच ७.४, १५० मिलीमोलर सोडियम क्लोराइड आणि प्रोटीएज रोधक एवढंच वापरा. बर्फावर ३० मिनिटं, मग १५,००० जी ला १० मिनिटं. ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम प्रथिन, २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, ४ अंशांवर रात्रभर. सकाळी २० ते ३० मायक्रोलिटर बीड्स घालून तासभर फिरवा आणि त्याच बफरने तीनदा धुवा. याच चॅप्स बफरमध्ये ६ए७ ही अँटिबॉडी फक्त जागं झालेलं बॅक्स उचलते. ट्रायटनमध्ये ती सगळंच उचलते.

ब्लॉट लावताना अँटिबॉडीची हलकी साखळी २५ किलोडाल्टनला येते. बीसीएल-२ २६ ला, बिमचा मोठा प्रकार २३ ला. म्हणजे बघायचा बँड नेमका त्या जाड पट्टीखाली गडप होतो. ओढायला सशाची अँटिबॉडी घेतली असेल तर ब्लॉटला उंदराची घ्या, किंवा हलकी साखळी न ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी. ओढून झाल्यावर उरलेला द्रवही लेनमध्ये लावा. त्यात बिम शिल्लक आहे की सगळं ओढलं गेलं, यावरून खाचा किती भरल्यात याचा अंदाज येतो.

एमसीएल-१ बद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचं अर्धायुष्य साधारण अर्ध्या ते एका तासाचं. सायक्लोहेक्सिमाइड, ट्रान्सक्रिप्शन थांबवणारी औषधं, अतिनील किरण, काहीही दिलं तरी पहिलं गळतं ते हेच. त्यामुळे ‘औषधाने एमसीएल-१ कमी केलं’ हा शोध पुष्कळदा ‘औषधाने प्रथिननिर्मिती थांबवली’ एवढाच असतो. शिवाय कॅस्पेजही एमसीएल-१ ला कापतात. घट क्यू-व्हीडी दिल्यावरही दिसली आणि पेशी मरण्याआधीच्या नमुन्यात दिसली, तरच ती कारण म्हणून मांडा.

सहावी पायरी: खाच मुद्दाम भरून बघणं

बीएच-३ ची नक्कल करणारी औषधं ही आता प्रयोगशाळेतली उत्तम चाचणी बनली आहेत. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ साठी, ए-१३३१८५२ बीसीएल-एक्सएलसाठी, एस-६३८४५ एमसीएल-१ साठी. १ नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर दहा-दहापटीने लावा, एकेकटी आणि जोडीने, आणि २४ तासांनी अ‍ॅनेक्सिन करा. १० मायक्रोमोलरला जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. तिथे निवडकपणा संपलेला असतो.

एकट्या व्हेनेटोक्लॅक्सला काही नॅनोमोलरमध्ये मरणारी पेशी बीसीएल-२ वर जगत होती. चिकटून वाढणाऱ्या अनेक पेशी एकेका औषधाला दाद देत नाहीत, पण बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ एकत्र अडवले की काही तासांत मरतात. ही जोडी द्यायलाच हवी, कारण तिलाही पेशी मेली नाही तर बॅक्स-बॅकमध्येच खोट असू शकते, आणि ते तपासल्याशिवाय बाकीचे निकाल वाचण्यात अर्थ नाही.

तीन अडचणी हमखास येतात. एस-६३८४५ दिल्यावर ब्लॉटवर एमसीएल-१ वाढलेलं दिसतं. औषध खाचेत बसल्याने प्रथिन टिकाऊ होतं, म्हणून हा बँड औषध लागू पडल्याची खूण समजा. दुसरं, हेच औषध उंदराच्या एमसीएल-१ ला माणसाच्या इतकं घट्ट धरत नाही, त्यामुळे उंदराच्या पेशीत मात्रा वाढवावी लागते. तिसरं, यांतली बरीच औषधं सीरममधल्या प्रथिनांना चिकटतात. १० टक्के सीरममध्ये ठरवलेली मात्रा २ टक्के सीरममध्ये जशीच्या तशी लावली तर आकडे जुळत नाहीत.

आयएपींचं थोडक्यात

सायटोक्रोम-सी बाहेर आलंय, कॅस्पेज-९ कापलंय, पण कॅस्पेज-३ १९ किंवा २० च्या आसपास अडकून १७ पर्यंत येतच नाही, असं दिसलं तर एक्सआयएपीकडे बघा. पहिला काप झाल्यावर पुढची छाटणी कॅस्पेज-३ स्वतः करतं, आणि एक्सआयएपी नेमकं तिथे त्याला धरून ठेवतं. मात्र क्यू-व्हीडी दिलेल्या लेनमध्ये हेच चित्र रोधकामुळेही दिसतं, म्हणून त्या लेनवरून हा निष्कर्ष काढू नका. स्मॅकची नक्कल करणारं औषध, उदाहरणार्थ १०० नॅनोमोलर बिरिनापँट, देऊन १७ चा तुकडा उमटतो का ते तपासा. त्याच ब्लॉटवर सीआयएपी-१ ही बघा. तासाभरात ते नाहीसं झालेलं असायला हवं. आणि ज्या पेशी स्वतःच टीएनएफ तयार करतात, त्या एकट्या या औषधानेही मरू शकतात. तिथे टीएनएफ रोखणारी अँटिबॉडी दिलेला एक कंट्रोल त्याच प्लेटवर लागतो.